कापसाचे सापळे, धसईची भेंडी

मी यवतमाळची. बोंडअळीच्या गप्पा ऐकतच मोठी झाले आणि लग्न करून कल्याणला आले. त्यामुळे धसईच्या मंजूमावशींच्या, म्हणजे माझ्या मावससासूबाईंच्या भेंडीला अळी लागल्याचं कळताच माहेरून आणलेले चार सापळे पिशवीत टाकले आणि शुक्रवारी निघाले. बोलावलं होतं कुणी? छे!

कल्याणहून मुरबाडची एसटी, तिथून धसईची. बायकांना अर्धं तिकीट. मुरबाड स्टँडवरच वडापाव खाऊन घ्या, पुढची गाडी आपल्या मर्जीने येते.

पोचल्या पोचल्या मी भाषण ठोकलं: सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते, नर पतंग भुलून येतो आणि अडकतो. मावशी तेव्हा सुकलेले शेंडे खुडायला निघाल्या होत्या. त्यातच अळी असते, म्हणून खुडून पुरायचे. "राहू द्या हो, आधी सापळे बघू," मी म्हटलं. सुनेचा मान राखून त्या थांबल्या. रात्री जेवायला तांदळाची भाकरी, सुकट आणि माझा तोरा.

रविवारी सकाळी चारही सापळे रिकामे. "शेत साफ!" मी जाहीर केलं.

मावशींनी एक भेंडी मोडून माझ्यापुढे धरली. आत ठिपक्यांची गुबगुबीत अळी. "तुझे सापळ्यात पाखरू नाय गो, पण माझे भेंडीत अळी हाय."

माहेरी बाबांना फोन लावला. ते पोट धरून हसले. "अगं, ती गोळी कापसाच्या गुलाबी अळीची. भेंडीवरच्या ठिपक्यांच्या अळीला तिचं काय?"

मला मात्र रडू यायचं बाकी होतं. सोमवारी पहाटे व्यापाऱ्याचा टेम्पो येणार होता. एक किडकी भेंडी सापडली तरी तो सगळा माल परत करतो. खाज येऊ नये म्हणून हातांत जुने मोजे चढवून आम्ही दोघी दिवसभर शेंडे खुडत, भेंड्या निवडत राहिलो. जवळजवळ अर्धा माल बाजूला पडला. मावशी मधूनमधून मलाच पाणी आणून देत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पहाटे टेम्पोवाल्याने पाच-सहा भेंड्या मोडून पाहिल्या आणि माल उचलला. मावशींनी निघताना माझ्या हातात भेंडीची पिशवी दिली. बाजूला पडलेलीच असणार, आणि मला तीच मिळायला हवी होती.

घरी येऊन विळी घेऊन बसले. एकेक भेंडी चिरून पाहिली. सगळी कोवळी, स्वच्छ. लगेच फोन केला, "मावशी, ही तर विकायची होती!"

"मंग? किडकी आमी खातोय नं काढून काढून. सुनेला ती देऊ काय गो?"