सोमवारी ऐकलेलं दादाचं पत्र

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. मी केमिस्ट्री शिकलेली बाई. आमचे आई-बाबा शाळेची पायरी चढले नव्हते. बाबा विट्यात हमाली करायचे, आई धुणीभांडी. दादानं दहावीतून शाळा सोडून फौज धरली ती मी शिकावं म्हणून. मी शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट झाले, चंदीगडला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. अभिमान आहे मला त्याचा, का नसावा?

मी इकडं आल्यावर घरात वाचणारं कुणी उरलं नाही. म्हणून दादा घरी पत्र टाकायचाच नाही — थेट आमच्या तालुक्याच्या पेपरच्या संपादकांना लिहायचा. तेही भले माणूस, एक ओळ न कापता छापायचे. बाळूच्या सलूनमध्ये पेपर मोठ्यानं वाचला जायचा आणि आई बाहेर पायरीवर बसून ऐकायची. थंडी आहे, चहा मिळतो, काळजी नसावी... रडगाणं कधीच नाही.

कारगिलचं युद्ध लागलं आणि पत्रं थांबली. मग निरोप आला — दादाचा पत्ता लागत नाही.

एका संध्याकाळी सेक्टर पंधराच्या एसटीडी बूथवरून गावच्या वाण्याकडं फोन लावला. आईला बोलावून आणलं. लाइनला नुसती खरखर.

"वाचला गं... वाचला."

"काय वाचला, पेपर? आई, तुला वाचता कुठं येतं?"

"पेपर न्हवं, दादा वाचला. आज पेपरात पत्र आलंय त्याचं. पायाला, हाताला अन् जबड्याला लागलंय. बोलता येईना, म्हणून नाव सांगता येईना. तुझ्याच चंदीगडला आणलंय त्याला, फौजेच्या दवाखान्यात. जा की."

सकाळी लष्करी हॉस्पिटल गाठलं. गेटवरच्या हवालदारानं यादी दोनदा बघितली. "इस नाम का कोई नहीं है, बहनजी."

"मेरी माँ ने बोला है. पक्का है."

मला वाटलं हसेल. तो उठला. "माँ ने बोला है तो देख लेते हैं जी."

वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक जण — जबडा आणि पाय बांधलेले, उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यातला ओळखीचा बिल्ला हरवलेला, म्हणून नाव-गाव माहीत नाही. मी "दादा" म्हणून वाकले. त्यानं डाव्या हातानं माझी वेणी ओढली. लहानपणी ओढायचा, तश्शीच.

आभार मानायला संपादकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, पत्र आलंच नाही. मी छापू कुठून?" बाळू म्हणाला, त्या दिवशी सोमवार, सलून बंद.

आईला विचारलं. "मला काय म्हाईत? दार लोटलेलं होतं. आत वाचत होतं की कुणीतरी."

"आवाज कुणाचा होता?"

"पत्र त्याचं, मग आवाज कुणाचा असणार?"

पुढं दादाला बोलता यायला लागल्यावर हे सगळं सांगितलं. म्हणाला, "पडल्या पडल्या रोज मनातल्या मनात संपादकांना पत्र लिहायचो. दुसरं काम काय होतं?"

 त्या दिवाळीला दादा स्वतःच्या पायानं विट्याच्या स्टँडवर उतरला. पुढं फौजेत बढती मिळून नायक झाला आणि नोकरी पुरी करून पेन्शनवर घरी आला.