पाल्याबाईचं बरड

मोह टपकायला लागला, की पाल्याबाई गावातल्या आगपेट्या जप्त करायची. पहाटे फुलं वेचायला निघालेल्यांना वाटेतच अडवायची, "आगपेटी ठेव इथी, मंग जा." फुलं नीट दिसावीत म्हणून मोहाखालचा पाला पेटवून द्यायची आमच्याकडे जुनी रीत. ही बाई तो पाला खराट्यानं झाडायची, चादरीत बांधायची आणि डोक्यावरून शेतात न्यायची. तिला खरं नावही होतं, पण ते मतदार यादीपुरतं.

गोंडपिपरीकडच्या त्या गावात मी कृषी सहायक म्हणून गेलो आणि तिचं दोन एकर बरड पाहून हात टेकले. नुसता मुरूम. नवरा गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, काळी जमीन आणि शेजारचं आणखी एक बरड स्वतःकडे ठेवलं होतं. बाईच्या वाट्याला एवढंच आलं आणि तिचं पोट त्यावरच होतं. मी शहाणपणानं म्हणालो, "बाई, इथे काही होणार नाही."

"काऊन नाई होणार? तुमी जेवण जाळता अन् राख वाढता. मंग जमीन काय देईन?"

दर उन्हाळ्यात ती उताराला आडवे चर खणायची, त्यात पाला आणि शेण भरायची. मी फीत धरून लांबी-रुंदी सांगायला गेलो, की हसायची. "पाण्याले बसाची जागा द्या, साहेब. पाहुणा उभ्यानं किती वेळ राह्यते?" मग मी फीत खिशात घालून टोपली उचलायचो. सरकारी नोकरीत मी सर्वांत मनापासून केलेलं काम तेच.

चौथ्या वर्षी पावसानं मोठी दडी मारली. आजूबाजूचं सोयाबीन वाळलं, पण बाईची तूर हिरवीगार उभी होती. माती मुठीत घेतली तर ओलसर लागायची. मला राहवलं नाही. तालुक्याच्या माझ्या साहेबांना जीपमधून आणून दाखवलं, गावासमोर बाईचं कौतुक केलं. तिथेच माझी चूक झाली.

आठच दिवसांत भासरा मला घेऊन तिच्या दारात आला. म्हणाला, "जमीन आमच्या बापाची. आदलाबदल करू. तिनं माह्यं बरड घ्यावं."

माझं डोकंच फिरलं. बाईनं पदर पुढे ओढला. भासऱ्याशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून मलाच म्हणाली, "त्याईले सांगा साहेब, घ्या म्हणा. पण दोन बरडाच्या मधातल्या धुऱ्यावरच्या मोहाखाली आग लावाची नाई."

तो गेल्यावर मी तिच्यावर चिडलो. पंचायतीत जाऊ, कागद करू, काय काय बोललो. ती शांतपणे चादर झटकत होती.

"भांडाभांडीत पाल्याचे दिवस निंगून जातीन. पह्यल्या खेपेले मले चार वर्षं लागले, काई येत नव्हतं. आता येते. दोनात करतो."

त्याच उन्हाळ्यात माझी बदली कुरखेड्याला झाली. निरोप घ्यायला गेलो, तेव्हाही माझा राग गेला नव्हता. ती मात्र नव्या बरडावर पहिला चर खणत होती आणि खुशीत होती.

मध्ये तीन वर्षं गेली. परवा मुद्दाम वाट वाकडी करून गेलो. त्या नव्या बरडावर ती हिरव्या तुरीत उभी होती. मला पाहून ना 'कसं काय', ना 'बसा'. चोरी पकडल्यासारखं तोंड करून म्हणाली,

"साहेब, एक वर्ष जास्त लागलं."