आधी तुमचं होऊ दे

समोरच्या घरात निवृत्त सुभेदार आणि वहिनी राहतात. दुपारी एक वाजता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज तेच दिसतं. वाढलेलं ताट दोघं एकमेकांकडे सरकवत असतात.

“जवानांचं झाल्याशिवाय सुभेदार जेवत नाही,” ते म्हणतात.

“आणि घरच्यांचं झाल्याशिवाय मी कधी बसलेय?” वहिनी विचारतात.

फौजेतून आल्यावर वर्षभर सुभेदार रात्री अंगणात फेऱ्या मारायचे. “झोप लागत नाही. कोण जेवलं, कोण राहिलं, हे विचारायला आता माणसंच नाहीत,” असं एकदा फाटकाशी म्हणाले होते. हुद्दा मागे राहतो, पण आधी दुसऱ्याला वाढायची सवय माणसाबरोबर घरी येते. इथे तर वहिनींनी तीच नोकरी इतकी वर्षं बिनवर्दीची केलेली.

आज दोन ताटं मांडली होती, तरी पहिला घास कुणीच घेईना. भाकऱ्या निवत चालल्या. शेवटी मीच खिडकीतून ओरडून सांगितलं, “माझं जेवण झालंय, आता तुम्ही सुरू करा.”

दोघं हसले. घास उचलले. नेमकी तेव्हाच माझ्या कुकरची पहिली शिट्टी झाली, आणि दोन्ही हात तोंडाशी जाता जाता थांबले.