चालत्या खोक्यातले तीन कण

उत्तर आलं की वंदनाताई आधी त्यावर आडवी रेघ मारत. मग तपासत, आणि टिकलं तरच खाली पुन्हा लिहीत. "खोटं धरूनच सुरुवात करावी," त्या म्हणत. "खरं असेल तर ते काही रुसून बसत नाही."

लोणावळ्यातल्या आमच्या कॉलेजात त्या कंत्राटावर भौतिकशास्त्र शिकवत आणि पीएच.डी. करत. कुरवंड्याहून स्कूटरवर येत. संशोधनाचं विचारलं की फळ्यावर चौकोन काढत. संगणकाला अमर्याद जागा परवडत नाही, म्हणून कण एका काल्पनिक खोक्यात कोंडायचे; खोक्यातल्या त्यांच्या ऊर्जेवरून, मोकळ्यावर ते एकमेकांवर आदळून कसे विखुरतील ते काढायचं. "दोघांचा संसार जमतो हो, सर. तिसरा आला की घरात राजकारण."

त्यांचा लेख परदेशी नियतकालिकात छापून आला आणि प्राचार्यांना विज्ञानाचा उमाळा आला. सत्कार ठरला. मानपत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी 'विश्वाचं कोडं', 'मावळची कन्या' वगैरे घालून मोकळा झालो.

सत्काराच्या सकाळी ताई स्टाफरूममध्ये आल्या. "लेखातलं सूत्र चुकलंय. तिन्ही कण मिळून जागच्या जागी आहेत असं धरूनच मी तपासलं होतं. अख्खं त्रिकूट वेगात जाऊ दिलं की उत्तर बदलतं. सापेक्षतेत ते बदलता कामा नये."

"मॅडम, पुढच्या महिन्यात सांगा की," प्राचार्य म्हणाले. "हॉलमध्ये कुणाला कळणारे?"

"मला कळलंय ना."

"लेख मागे घेतलात तर डिग्री लांबेल. डिग्री नसेल तर जूनमध्ये कंत्राट वाढवता येणार नाही."

"मग नका वाढवू."

सभागृहात मी मानपत्र वाचायला उघडलं, तोच ताईंनी माइक घेतला आणि चूक कुठे आहे ते चार वाक्यांत सांगून टाकलं. पहिल्या रांगेत त्यांचे वडील होते. प्राचार्य त्यांच्याकडे वाकून कुजबुजले, "आबा, समजवा जरा तिला."

आबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय समजवू? चुकलं म्हनती ती. तुमी कदी म्हनला व्हता का?"

जूनमध्ये कंत्राट गेलं. ताई आता तळेगावात बारावीच्या शिकवण्या घेतात. परवा भेटायला गेलो, तर टेबलावर तेच त्रिकूट पसरलेलं.

"सुटलं?"

"अजून नाही."

"त्या दिवशी गप्प बसला असता, तर आज प्राध्यापक असता."

"असते की," ताई म्हणाल्या. "आणि माझ्या सूत्रावर भरवसा ठेवून कुठली तरी पोरगी आयुष्याची दोन वर्षं घालवत असती. बसा, चहा टाकते. हे पान तेवढं संपू दे."