डेमोचं पाणी

पाण्याचा फिल्टर घ्यायला किती वेळ लागावा? आम्हाला पाव तास लागला. मैलापूरच्या या फ्लॅटमध्ये सामान लागलं त्याच आठवड्यात मी आणि मंदार कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो, इथल्या बोअरच्या पाण्याला कुठला चालतो ते विचारलं, दुकानदाराने बोट दाखवलं तो घेतला आणि येताना इडलीचं पीठ घेऊन घरी आलो. यात आमची काही हुशारी नाही. धडधाकट डोक्याच्या माणसाने अशा गोष्टीला जेवढा वेळ द्यावा तेवढा आम्ही दिला. आमच्या समोरच्या दारात राहणाऱ्या बालाजीरावांनी याच कामाला दीड वर्ष घेतलं.

बालाजीराव तंजावरचे मराठी. पूर्वज कधीकाळी दक्षिणेत आले ते इथलेच झाले. घरात जुनी मराठी, बाहेर तमिळ, आणि राग आला की इंग्रजी. समोर महाराष्ट्रातली मुलगी राहायला आली म्हटल्यावर त्यांना केवढा आनंद झाला. मलाही झाला, साधारण आठवडाभर. इथल्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामा म्हणते आणि त्यांच्या बायकोला, सरोजाबाईंना, मामी.

मामांची सगळी नोकरी नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत गेली. टेबलावर आलेली फाईल पहिल्या फेरीत पुढे सोडायची नाही, काहीतरी शंका काढून परत पाठवायची, हा त्यांचा नेम. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनीही भाषणात याचा उल्लेख केला होता, असं ते अभिमानाने सांगतात. साहेबांनी तो कौतुकाने केला होता का, हे विचारायचं मी आजवर टाळलं आहे. अशा माणसाच्या हातात निवृत्तीनंतर फिल्टर निवडायचं काम पडलं.

आणि काम हौसेचं नव्हतं. आम्ही राहायला आलो त्या वर्षीच्या दिवाळीला त्यांची एकुलती एक मुलगी लावण्या कोइमतूरहून माहेरी आली होती. पाऊस झाला, गटाराचं पाणी आमच्या इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत शिरलं आणि लावण्याला कावीळ झाली. आमच्या घरी फिल्टर होता, आम्हाला काही झालं नाही. मुलगी पिवळीधमक होऊन सासरी परतली. डॉक्टरांनी सांगितलं, आधी घरात नीट फिल्टर बसवा. मामा म्हणाले, "सरि, पाहतों." आणि पाहायला लागले.

फिल्टरच्या कंपन्या घरी येऊन फुकट डेमो देतात हा शोध त्यांना लागला आणि सगळाच घोळ झाला. कंपनीचा माणूस यायचा, मशीन ओट्यावर मांडायचा, चार दिवस वापरून पाहा सर म्हणायचा. मामा चार दिवस वापरायचे, शंका काढायचे आणि मशीन परत पाठवायचे. मग दुसरी कंपनी. ओट्यावरची ती जागा कधी रिकामी नव्हती आणि कधी भरलेलीही नव्हती.

शर्टाच्या खिशात पूर्वी पेन असायचं तिथे आता पाण्यातले क्षार मोजायची, टीडीएसचा आकडा दाखवणारी कांडी आली. नव्या मशीनचं पाणी स्टीलच्या टंबलरमध्ये घ्यायचं, कांडी बुडवायची, आकडा मोठ्याने वाचायचा. मग टंबलर उंच धरून, ओठ न लावता, वरून घोट घ्यायचा, डोळे मिटायचे आणि बराच वेळ तोंडात घोळवायचा. आम्ही सगळे उभे.

"चप्पुन्नु आहे," ते म्हणायचे. म्हणजे बेचव. "कावेरी नाहीं हें."

त्यांच्या लहानपणी तंजावरला घरी कावेरीचं पाणी यायचं. त्या पाण्याची चव यांच्या जिभेवर साठ वर्षं टिकून आहे म्हणे. काल सांबारात मीठ कमी होतं की जास्त हे त्यांना आज सांगता येत नाही, पण कावेरी आठवते. आता भिंतीला टांगलेल्या प्लास्टिकच्या डब्यातून कावेरी कशी यावी? पण हे विचारणार कोण? एकदा त्यांनी ती कांडी आमच्या घरात आणून आमच्या पाण्यात बुडवली आणि आकडा पाहून असं तोंड केलं, जणू ओट्यावर झुरळच निघालं.

मी एकदा स्पष्ट बोलले. म्हटलं, "मामा, कावीळ क्षारांनी होत नाही, जंतूंनी होते. ते या कांडीवर दिसत नाहीत."

"तेंच तर," ते म्हणाले. "जंतू दिसत नाहीं. आकडा दिसतो." आणि कांडी पुसून खिशाला लावली.

पुढे तर कमाल झाली. मामी पाणी उकळून ठेवायच्या. मामांनी उकळलेलं पाणी मोजलं, आकडा जरासा वाढलेला निघाला, आणि त्यांनी घरात पाणी उकळायला बंदी केली. ते सकाळी कपालीश्वराच्या देवळात गेले की मामी घाईने पातेलं चढवायच्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात चोरून पाणी उकळणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

"मामी, तुम्हीच का नाही आणत एखादा?" मी विचारलं.

"मी आणिलें तर ते परत करितील ग," मामी शांतपणे म्हणाल्या. "मिक्सर तसाच केला. शेवटीं चटणी पाट्यावरच वाटितें अजून."

अशात लावण्याला दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत महाराष्ट्रात तशी इथेही. सातव्या महिन्यात वळैकाप्पू करतात, म्हणजे पोटुशीच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या भरतात आणि मग आईवडील तिला घेऊन येतात. मामींनी जुन्या मऊ साड्या फाडून, धुऊन, दुपट्यांची चळत लावली. माळ्यावरचा पाळणा काढला. बाळंतिणीला द्यायच्या लेहियमची, म्हणजे चाटणाची, सुंठ-पिंपळी उन्हात घातली. मामींना मी इतकं बोलताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

लावण्याने फोनवर एकच अट घातली. "अप्पा, फिल्टर लावा. लागला की येते." पोरीने मागून मागून हे मागितलं. दुसरी असती तर मोटार मागती.

आता डेमोला येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न विचारतो, घरात माणसं किती? त्यावर मशीनचं माप ठरतं. मामा पूर्वी दोन सांगायचे. लावण्याची बातमी आल्यापासून ते छाती काढून "पाच" सांगायला लागले. आम्ही दोघं, मुलगी, जावई येतील-जातील, आणि बाळ. हे ऐकलं की मामी उगाच गॅसकडे तोंड फिरवायच्या. हसू दाबत असायच्या.

पण पाच माणसांचं म्हटल्यावर मामांची जबाबदारी वाढली, आणि जबाबदारी वाढली तशा शंका वाढल्या. एकात वाया जाणारं पाणी फार. एकाचा आवाज फार. एकाच्या पाण्याने कॉफी नीट उतरेना. व्यंकट नावाचा एक माणूस पाच माणसांचं मोठं मशीन घेऊन आला. मामींना ते पसंत पडलं, मला पसंत पडलं, मामांनाही त्यात खोट सापडेना. म्हणून ते फारच अस्वस्थ झाले.

कोइमतूरला निघायच्या आदल्या दिवशी व्यंकट म्हणाला, "सर, ठेवून घ्या. आता मुलगी येणार ना घरी?"

"येऊन पाहूं," मामा म्हणाले.

तेव्हा मामी बोलल्या. मी दारातच होते, मी ऐकलं. "अहो, कावेरी येणार नाहीं. लेक येणार आहे."

मामांनी व्यंकटकडे पाहून हात हलवला. व्यंकट मशीन उचलून घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी दोघं गाडीला निघाले तेव्हा मामांच्या काखेत एक नवी उशी होती. येताना लावण्याच्या पाठीला लागेल म्हणून. उशी त्यांनी एका फटक्यात घेतली होती. त्यात मोजण्यासारखं काही नव्हतं.

तिथे काय झालं ते मामींनी मला फोनवर सांगितलं. लावण्याच्या सासरी सिरुवाणी नदीचं पाणी येतं. तिकडचे लोक त्या पाण्याचा फार तोरा मिरवतात, आणि खरं सांगायचं तर स्थळ पाहायला गेले तेव्हा ते पाणी पिऊनच मामांनी निम्मी पसंती दिली होती. बांगड्या भरून झाल्या, ओटी भरली. मग सगळ्यांच्या देखत लावण्याने विचारलं, "अप्पा, लागला का?"

"डेमो झाला," मामा म्हणाले.

विहीणबाई काही लागट बोलल्या नाहीत. मुलीला इथलं पाणी मानवतं, बाळंतपण इथेच होऊ दे, एवढंच म्हणाल्या. लावण्या बापाशी वाद घालत बसली नाही. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "अम्मा, तूच राहा मग."

या लोकांत मुलीच्या सासरी आईने दोन दिवसही राहणं कमीपणाचं समजतात. मामी लावण्याच्या लग्नानंतर त्या घरी कधी दुसऱ्या जेवणाला थांबल्या नव्हत्या. त्या मामी बाळंतपण करायला विहिणीच्या घरात राहिल्या, विहिणीला विचारून चूल वापरायला, विहिणीने दिलेल्या डब्यातली सुंठ घालायला. इथे वाळवलेली सुंठ इथेच राहिली. मला इतका संताप आला की मी त्यानंतर बरेच दिवस मामांशी नीट बोलले नाही.

मामा उशी घेऊन एकटे परत आले.

दोनच दिवसांत व्यंकट तेच मशीन घेऊन जिना चढताना दिसला. मी मुद्दाम गेले. मामांनी डेमो मागितला नाही, कांडी काढली नाही, घोट घेतला नाही. शंका न काढता सोडलेली ही त्यांची पहिलीच फाईल असावी. व्यंकटने भिंतीला भोकं पाडली, नळी जोडली आणि सवयीने विचारलं, "सर, घरात माणसं किती?"

मला वाटलं पाच म्हणतील. मामांनी ओट्याकडे पाहिलं, मग माळ्यावरून काढून ठेवलेल्या पाळण्याकडे.

"सध्या एक," ते म्हणाले.

व्यंकट बिचारा गडबडला. म्हणाला, मग रोज थोडं काढून टाका सर, एवढी टाकी एका माणसाला संपायची नाही, पाणी साचून राहू देऊ नका. तेव्हापासून मामा रोज संध्याकाळी चांगलं पाणी तांब्याने काढून तुळशीला घालतात. तुळस कुजायला लागली आहे. त्यांना सांगून उपयोग नाही.

लावण्याला मुलगी झाली. बारशाला मामा निघाले तेव्हा त्यांच्या हातात बांगड्या नव्हत्या, मिठाई नव्हती, पाण्याची मोठी बाटली होती. आपल्या मशीनची. झाकणावर चिकटपट्टी लावलेली.

"मामा, तिथं सिरुवाणी आहे," मी म्हटलं.

"असो दे. घरचें पाणी," ते म्हणाले.

परत आले तेव्हा मी दार उघडं टाकून फुलं निवडत बसले होते. ते सरळ आमच्याकडे आले. बाटली हातात होती, भरलेली. चिकटपट्टी जशीच्या तशी.

नात कशी आहे, मी विचारलं. आजीसारखी आहे म्हणाले. मामी कधी येणार, विचारलं. त्यांनी बाटली या हातातून त्या हातात घेतली. जावयाने सांगितलं होतं की बाळ मोठं होईपर्यंत अम्मा तिथेच राहतील, हे मला नंतर लावण्याकडून कळलं. मामी स्वतःच तसं म्हणाल्या होत्या.

मामांनी आमच्या ओट्यावर बाटली ठेवली, पट्टी सोलून काढली आणि खिशातली कांडी बुडवली. आकडा यायची वाट पाहिली.

"कोइमतूरला जाऊन आलें," ते म्हणाले. "तरी आकडा तेवढाच आहे, पाहा."

त्या माणसाला सुनवायला माझ्याजवळ दीड वर्षाचं साठलेलं होतं. मी फडताळातून पेला काढला आणि बाटलीपुढे धरला.