हलकी बंदूक

वसूच्या नवऱ्याचा, प्रकाशचा फोन आला तेव्हा मी लीड्सच्या बाजारात भाजी घेत होते. "वसू गेली. झोपेतच," एवढंच तो म्हणाला. खरं सांगायचं तर मला रडू नंतर आलं. आधी सुटल्यासारखं वाटलं. झोपेतच... म्हणजे ज्या बातमीच्या धास्तीने मी सगळा हिवाळा फोन वाजला की दचकत होते, ती ही बातमी नव्हती. आता काही आठवडे उलटलेत, आणि ती धास्ती कसली होती हे लिहायला घेतलं तर वसूच्या बंदुकीपासूनच सुरुवात करावी लागते.

डॉक्टर वसुधा मूळची सांगलीची. इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलमध्ये तिने तीसेक वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून काम केलं, मी तिथेच रेडिओग्राफर होते. ती पन्नाशीत असताना एका सर्जनने तिला चॅरिटीच्या क्ले शूटिंगला नेलं. मशीनमधून मातीच्या तबकड्या हवेत उडतात आणि त्या खाली पडायच्या आत फोडायच्या, असा तो खेळ. वसूने आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेतली आणि तबकड्या फुटायला लागल्या. सर्जनला वाटलं नशीब, पण पुढच्या रविवारीही तसंच झालं. मग तिने रीतसर बंदुकीच्या परवान्याचं सर्टिफिकेट काढलं, बारा बोअरची दुनळी घेतली, आणि हॅरी नावाच्या शेतकऱ्याच्या माळावर थंडीत तित्तर मारायलाही जाऊ लागली. मराठी मंडळातल्या बायका कुजबुजायच्या, डॉक्टर असून जीव घेते म्हणून. वसू त्यांना कधी उत्तर देत बसली नाही. मला एकदा म्हणाली होती, की दिवसभर लोकांचा श्वास मोजल्यावर कुठेतरी मोकळ्यावर स्वतःचा श्वास रोखून उभं राहावंसं वाटतं.

गेल्या ऑगस्टमध्ये तिने मला गाडीत घातलं आणि डेल्सच्या डोंगराळ भागातल्या एका बंदुकीच्या दुकानात नेलं. बारा बोअर आता जड होते, म्हणाली, अठ्ठावीस बोअर घ्यायची आहे, आकडा मोठा तेवढी नळी बारीक आणि बंदूक हलकी, आणि या वेळी चांगली. दुकान छोटं पण श्रीमंत होतं. तेलाचा आणि अक्रोडाच्या लाकडाचा वास, भिंतीला ओळीने लावलेल्या नळ्या. दुकानदार हौशी माणूस होता, त्याने तिच्यापुढे एकेक बंदूक मांडली. एकीची बॉडी वीस बोअरचीच होती, फक्त नळ्या अठ्ठावीसच्या. तो म्हणाला, तुम्ही क्लेही मारता, तर हीच घ्या, हिला थोडं वजन आहे. फार हलकी बंदूक हवेत भरकटते, हात जरा थबकला की तीही थबकते आणि नेम मागे राहतो. दुसरी बंदूक मात्र पहिल्यापासून अठ्ठावीस म्हणूनच घडवलेली होती. सडपातळ, चांदीसारख्या बाजूपट्ट्यांवर बारीक वेलबुट्टी, दस्त्याच्या लाकडात धुरासारखी काळी रेघ. वसूने ती खांद्याला लावली, खाली घेतली, पुन्हा लावली. मग सेफ्टीचा खटका अंगठ्याने पुढे ढकलून पाहिला. तो गेला नाही. तिने दुसऱ्या हाताने ढकलला. दुकानदाराचं लक्ष नव्हतं, माझं होतं. ही हलकी तुम्हाला वर्षभरात क्लेसाठी नकोशी होईल, असं त्याने पुन्हा एकदा बजावलं. वसू फक्त म्हणाली, "वर्षाचं मी बघते."

नंतर आम्ही शेजारच्या टीरूममध्ये बसलो. तिने उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग खोल गेला होता, कुणीतरी चमच्याने कोरून काढावा तसा. "हे बघ, इथलं मांस गेलंय," ती म्हणाली. मी म्हटलं, वयाने होतं, मान आखडली असेल, नस दबली असेल. तिने माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतली असल्याचं सांगितलं. तो काय सांगणार हे तिला तेव्हाच माहीत होतं. चहाबरोबरच्या स्कोनला, त्या गोडसर पावाला, लोणी लावता येईना, तेव्हा तिने बशी माझ्याकडे सरकवली.

त्या शरदात ती एकही वीकेंड घरी बसली नाही. दुकानदाराचं खरं ठरलं, क्लेवर ती बंदूक भरकटायची. पण माळावर तिच्या हातात ती जिवंत व्हायची. तिने पुष्कळ तित्तर आणले. दर आठवड्याला प्रकाश मला सांगायचा, आज शर्टाची बटणं लावून द्यावी लागली, आज कप पडला... नोव्हेंबरच्या अखेरीस निदान झालं. मोटर न्यूरॉनचा आजार, स्नायू चालवणाऱ्या नसा एकेक करून मरतात. हात, मग पाय, मग बोलणं, शेवटी श्वास.

त्या संध्याकाळी प्रकाश माझ्याकडे आला आणि कोट न काढताच खुर्चीत बसला. बंदुकीचं लोखंडी कपाट त्यांच्या जिन्याखाली होतं. इथला नियमच असा, की सर्टिफिकेट ज्याच्या नावावर, किल्ली त्यानेच ठेवावी, तिची जागा घरच्यांनाही कळू देऊ नये. इतकी वर्षं त्या किल्लीचा विचार प्रकाशच्या मनातही आला नव्हता. "आता मी घरभर तीच शोधतोय," तो म्हणाला. "ती आंघोळीला गेली की शोधतो. सापडत नाही. तू विचार तिला. मला विचारवत नाही."

मी दुसऱ्या दिवशी गेले. वसू खिडकीत बसली होती, शाल पांघरून. आडवळणाने विचारायचं ठरवून गेले होते, पण तिच्यासमोर ते जमेना.

"वसू, किल्ली प्रकाशकडे देशील?"

"कायद्याने देता येत नाही," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहत राहिली. "आणि तू कायद्याचं विचारत नाहीयेस."

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"तो विचार मला आलाच नाही असं म्हणाले तर तू विश्वास ठेवणार नाहीस. आला. दुकानात ती खांद्याला लावली तेव्हाच आला."

"मग घेतलीस कशाला?"

"कारण मला शूट करायचं होतं, सुषमा. हात उचलतोय तोवर." तिचा आवाज अगदी साधा होता, पेशंटला सुई टोचण्याआधी असायचा तसा. "पण तो विचार गेलेला नाही. घरातच असतो. म्हणून शनिवारी मी बंदूक बाहेर काढेन तेव्हा माझ्याबरोबर माळावर चल."

शनिवारी धुकं होतं. गवत कडक झालेलं, दगडी कुंपणं दूरवर दिसेनाशी होत होती. हॅरीचा कुत्रा पुढे हुंगत गेला आणि अचानक हेदरच्या झुडपांमधून तित्तरांचा थवा फडफडत उठला. वसूने बंदूक वर घेतली. नळ्या एका पक्ष्यामागे सुरेख फिरल्या, कुठेही थबकल्या नाहीत... आवाज झाला नाही. तिचा अंगठा खटक्यावर होता आणि खटका हलत नव्हता. थवा कुंपणापलीकडे गेला तरी ती तशीच उभी. मग नळ्या हळूहळू खाली येऊ लागल्या, आणि क्षणभर, त्या कुठे जाऊन थांबणार ते मला कळेना. हॅरीलाही कळलं नसावं, तो एक पाऊल पुढे आला. वसूने बंदूक मांडीवर टेकवून डाव्या हाताने उघडली, दोन्ही काडतुसं काढली आणि हॅरीच्या हातात दिली. "झालं," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर ती माझ्या दंडाला धरून चालली.

सोमवारी तिने स्वतः पोलिसांच्या लायसन्सिंग विभागाला फोन केला. एक तरुण ऑफिसर येऊन दोन्ही बंदुका घेऊन गेला. सही तिने डाव्या हाताने केली. प्रकाशने त्याला चहा दिला, आणि तो गेल्यावर स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडला. मला वाटलं होतं की आता धास्ती संपेल. पण नंतर पाळी श्वासाची होती, आणि तिथे पुढे काय काय होतं हे आम्हा दोघांपेक्षा तिलाच जास्त ठाऊक होतं. रात्रीचा मास्क दिवसाही लागायला लागला. बोलणं पुसट होत गेलं. ती दारात येणाऱ्या प्रत्येकाकडे, आपण त्याला शेवटचं बघतोय अशा नजरेने बघायची. मार्चमध्ये, एका पहाटे, मास्क चालू होता आणि ती नव्हती.

मागच्या आठवड्यात प्रकाशने मला जेवायला बोलावलं. गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये वसूचे तित्तर अजून होते, तिनेच साफ करून ठेवलेले. टाकवत नाहीत आणि एकट्याने खाववत नाहीत, तो म्हणाला. मी सांगलीकडच्या पद्धतीने कांदा-लसूण मसाल्यात रस्सा केला. आम्ही समोरासमोर बसलो. पहिल्याच घासाला प्रकाश थांबला. तोंडातून काहीतरी काढून त्याने स्टीलच्या ताटाच्या कडेला ठेवलं, बारीकसा आवाज झाला. मोहरीएवढा, करडा छर्रा, तिच्या काडतुसातला. थोड्या वेळाने आणखी एक. तो ते दोन्ही बोटाने जवळ सरकवत राहिला. माझा घास तोंडाशीच थांबला होता.

"जपून खा," प्रकाश म्हणाला. "तिचा नेम चांगला होता."