आजोबांच्या नावाची वाचनखोली

चहा घ्या आधी. मग सांगतो, भर सभेत मी माझ्याच आजोबांची अब्रू कशी घालवली ते.

पेडण्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाला नवी वाचनखोली बांधली. नाव कुणाचं द्यायचं? मी म्हटलं, आमच्या आजोबांचं. पोर्तुगीज काळात ते पुस्तकं वाचायला होडीनं, पायी, जमेल तसे पणजीला जायचे. ग्रंथपाल शैला म्हणाली, "सर, कमिटी पुरावा मागतेय."

गेलो पणजीला. तिथल्या एका जुन्या वाचनालयाच्या जाडजूड नोंदवहीत खरंच आजोबांचं नाव सापडलं. खाली शाईनं लिहिलेल्या पोर्तुगीज ओळी, सही आणि शिक्का. माझं पोर्तुगीज पाव आणि जनेल, म्हणजे खिडकी, एवढ्यापुरतं. 'लिव्रू' म्हणजे पुस्तक, एवढं कळलं. बाकीचं मी ओळखलं. अहो, एवढा मोठा शिक्का कुणी उगाच मारतं का? मानपत्रच ते.

फोटो काढला, मोठा करून फ्रेम केला. निमंत्रणपत्रिकेत छापून टाकलं, 'पोर्तुगीज सरकारने गौरवलेले वाचक'.

उद्घाटनाला सगळा गाव जमला. भाषणात मी आजोबांना पणजीत शाल घातली, गव्हर्नरालाही त्यांच्यापुढे उभं केलं. समोर मांद्र्याच्या सिल्व्हियाबाय बसलेल्या, पोर्तुगीजच्या निवृत्त शिक्षिका. मीच विनवलं, "बाय, मूळ शब्द ऐकवा लोकांना."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, नक्की वाचू मरे?"

"मोठ्यानं वाचा," म्हणत मी माईक त्यांच्या तोंडापुढे धरला.

"या गृहस्थाने तीन पुस्तकांतली चित्रांची पानं फाडून नेली. विचारल्यावर कबूल केलं. यापुढे त्याला दारातून आत घेऊ नये."

मी माईक तसाच धरून उभा. पहिल्या रांगेतली माझी बायको शांतपणे उठली आणि चपला घालून घरी गेली.

शेवटी अध्यक्ष खाकरले. "पुस्तकांची ओढ होती, हे मात्र सिद्ध झालं," म्हणाले आणि फ्रेम भिंतीकडे तोंड करून ठेवली.

खोली अजून बिननावाचीच आहे. परवा मी पुस्तक परत करायला गेलो. शैलानं मला खुर्ची दिली, बोट ओलं केलं आणि पहिल्यापासून एकेक पान तपासायला लागली.

"शैला, चौथीत मी तुला शिकवलंय."

"म्हणून तर बसा म्हटलं, सर," ती म्हणाली आणि पुढचं पान उलटलं.